भिंतीची डिसेंबरातली सावली : हिवाळाभर उभ्या राहिलेल्या कॅम्परचं एक प्रकरण

१३ फेब्रुवारीला सकाळी सरांचा फोन आला. "अरे, गाडीचा सेल्फ लागत नाही आणि मागच्या खोलीतला दिवाही लागत नाही. दोन्ही बॅटऱ्या एकदम कशा बसतील?" सर म्हणजे आमचे शाळेतले भूगोलाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि काकूंनी एक जुनी पिकअप घेतली आणि मागच्या हौद्यावर झोपायची खोली बांधून घेतली, म्हणजे गाडीचा कॅम्पर केला. आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि छोटा फ्रीज. तुळजापूर, गाणगापूर, विजापूर, पुढे हंपीपर्यंत दोघं फिरून आले होते. बॅटरी आणि सोलर हा माझा धंदा, पण या गाडीची वायरिंग मी केलेली नव्हती. ती दुसरीकडे करून घेतलेली होती.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की दोष बॅटरीत नव्हता, पॅनलमध्ये नव्हता आणि कंट्रोलरमध्येही नव्हता. मी स्वतः पहिल्या भेटीत चुकीचं निदान करून बसलो होतो. सोलापुरात आता अशा गाड्या दिसू लागल्या आहेत, आणि "वर सोलर आहे, मग काय काळजी" हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो.

गाडीची मांडणी साधी. टपावर १६५ वॅटचा एक पॅनल, ३६ सेलचा, आडवा सपाट बसवलेला. त्याखाली पॅनलचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर, साध्या पीडब्ल्यूएम जातीचा. पलंगाखालच्या कप्प्यात १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी, पाणी घालायची, घरच्या इन्व्हर्टरला असते तशीच. फ्रीजसाठी एक छोटा इन्व्हर्टर. इंजिनाची बॅटरी वेगळी, सीलबंद, तिचा आणि सोलरचा काही संबंध नाही.

सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. २८ नोव्हेंबरला त्यांनी गाडी घराच्या उत्तरेच्या बोळात भिंतीलगत लावली आणि ती थेट फेब्रुवारीपर्यंत हलली नाही. ७७ दिवस. जागा नवीन नव्हती. आदल्या मे महिन्यात लेकीकडे गेले तेव्हा सहा आठवडे गाडी तिथेच उभी होती आणि परत आल्यावर बॅटरी भरलेली मिळाली होती. त्यामुळे या वेळी कुणाच्या मनात शंका आली नाही. शिवाय काकू रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना खोलीच्या खिडकीतून कंट्रोलरवरचा हिरवा दिवा बघायच्या. दिवा लागलेला, म्हणजे चार्जिंग चालू, असं त्यांनी धरलं होतं. हॉस्पिटल, मग घरी व्यायाम, मग गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे. या सगळ्यात गाडीचं दार उघडायचं कारणच पडलं नाही.

मी पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. इंजिनाच्या बॅटरीवर मीटरने ४.२ व्होल्ट दाखवले. मागची ट्युब्युलर सगळं सोडवून तपासली तर ११.६. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारी नळी) घातला, सहापैकी पाच सेलमध्ये १.१०० च्या आसपास आणि पाचव्या सेलमध्ये १.०८०. या बॅटरीत पूर्ण चार्जला १.२४० यायला हवी. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो : ट्युब्युलरला भरलेली असताना १२.५ च्या आसपास व्होल्ट दिसतात, गाडीच्या बॅटरीसारखे १२.७ नाहीत. कारण तिचं ॲसिड मुळातच थोडं पातळ असतं. पुष्कळ लोक १२.५ बघून बॅटरी अर्धी आहे म्हणून घाबरतात. ११.६ म्हणजे मात्र पार रिकामी.

मग टपावर चढून पॅनल पुसला. काळ्या मातीची धूळ बोटाला लागण्याइतकी होती, पण तेवढ्याने चार्जिंग थांबत नाही. बॅटरी जोडून पॅनलच्या वायरला क्लॅम्प मीटर लावला तर साडेसहा अँपिअर. उत्तम. कंट्रोलरमधून बॅटरीकडेही तेवढेच. मी सरांना सांगितलं, पॅनल ठीक, कंट्रोलर ठीक, बॅटरी संपली. त्यांनी आधी एका मेकॅनिकला दाखवलं होतं, त्यानेही दोन्ही बॅटऱ्या नव्या घाला असंच सांगितलं होतं. माझं आणि त्याचं मत जुळलं म्हणून मी आणखी निर्धास्त झालो.

संध्याकाळी बॅटरी उचलायला पुन्हा गेलो. चार वाजले होते. सोडवायच्या आधी सवयीने पुन्हा क्लॅम्प लावला. ०.४ अँपिअर. चार वाजता ऊन उतरतं हे खरं, पण साडेसहावरून एकदम ०.४ वर येत नाही. वर पाहिलं तर घराच्या कठड्याची सावली पॅनलवर आली होती, निम्म्याहून कमी भागावर. उरलेला पॅनल चक्क उन्हात होता, तरी करंट नाही.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात, माळेसारखे. या पॅनलमध्ये त्या माळेचे १८-१८ चे दोन भाग आहेत आणि प्रत्येकाला एक डायोड. एका भागावर सावली आली की डायोड तो भाग बाजूला काढतो, म्हणजे उरलेला भाग अडू नये. पण मग उरतात ९ व्होल्ट. पूर्ण पॅनल कामाच्या वेळी १८ व्होल्ट देतो, त्याच्या निम्मे. १२ व्होल्टच्या बॅटरीत ९ व्होल्टने काहीच जात नाही. अर्धी सावली म्हणजे अर्धं चार्जिंग, असा हिशोब इथे चालत नाही. अर्धी सावली म्हणजे जवळपास शून्य. जे ०.४ येत होते ते आकाशाच्या नुसत्या उजेडाचे. आणि हिरवा दिवा? पॅनलकडून व्होल्ट येताहेत एवढंच तो सांगतो. करंट किती जातोय हे त्याला माहीत नसतं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी खरोखर एक दिवस चुकवला नव्हता.

सर ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आज फेब्रुवारी आहे. डिसेंबरात इथे काय झालं असेल?" आणि त्यांनी मला काठी आणि टेप आणायला सांगितलं. सहावीत असताना आम्हाला मैदानावर उभं करून काठीची सावली मोजायला लावायचे, तीच पद्धत.

सरांचा हिशोब असा. सोलापूरचं अक्षवृत्त १७.७ अंश उत्तर. २२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेतेवीस अंशांवर. बेरीज ४१. म्हणजे त्या दिवशी अगदी मध्यान्हीसुद्धा सूर्य डोक्यापासून ४१ अंश दक्षिणेला कललेला, आणि एक मीटर उंच काठीची सावली ८७ सेंटिमीटर लांब, सरळ उत्तरेकडे. आता भिंत. कठड्याचा माथा जमिनीपासून १५ फूट, पॅनल ९ फुटांवर. फरक ६ फुटांचा. सहा गुणिले ०.८७, म्हणजे सव्वापाच फूट सावली. पॅनलची जवळची कड भिंतीपासून साडेतीन फुटांवर, लांबची पावणेसहावर. म्हणजे डिसेंबरात दिवसातल्या सगळ्यात चांगल्या क्षणी पॅनलचा तीन चतुर्थांश भाग सावलीत. सकाळी नऊच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला हीच सावली सात फुटांकडे जाते, म्हणजे पॅनल पूर्ण झाकलेला.

मे महिन्यात याच्या उलट. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरला सूर्य बरोबर डोक्यावरून जातो आणि त्यानंतर मध्यान्हीला थोडा उत्तरेलाच असतो. या भिंतीची सावली तेव्हा बोळात पडतच नाही. तीच जागा, तोच पॅनल, तीच भिंत. सरांनी आकडे मांडून दाखवलं की या बोळात ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एकही दिवस पॅनल पूर्ण उन्हात नसतो. मी पहिल्यांदा आलो ते नेमकं सावली सुटायच्या दिवसांत, आणि तेही नेमकं दुपारी. शिवाय साडेबारा ही वेळही फसवी. आपलं घड्याळ ८२.५ रेखावृत्ताचं, सोलापूर ७५.९ वर, त्यामुळे आपला खरा मध्यान्ह उशिरा होतो. फेब्रुवारीत तो पावणेएकच्या जवळ. मी पॅनल तपासला तो वर्षातल्या त्या टप्प्यावरचा आणि दिवसातला सगळ्यात बरा अर्धा तास होता. तेव्हापासून मी पॅनलची एकच नोंद घेऊन निदान करत नाही. दहा, साडेबारा आणि तीन, अशा तीन वेळा करंट बघतो, आणि आधी दक्षिणेला काय उभं आहे ते बघतो.

पण सावलीने चार्जिंग थांबतं, बॅटरी रिकामी होत नाही. रिकामी कुणी केली?

ते इन्व्हर्टरने. फ्रीजचं बटण बंद होतं, इन्व्हर्टरचं नाही. ते कपाटाच्या मागे, हात घालून शोधावं लागेल अशा जागी. नुसता चालू इन्व्हर्टर, काही न चालवता, ०.९ अँपिअर खात होता. दिवसाला साडेएकवीस एएच. शिवाय गॅसगळतीचा डिटेक्टर, मोबाइल चार्जिंगचं सॉकेट आणि कंट्रोलर स्वतः, मिळून ०.१२ अँपिअर, म्हणजे दिवसाला तीनेक एएच. सावलीतल्या पॅनलकडून दिवसाला येत होते फार तर अडीच. रोज बावीस एएच निव्वळ जात असतील तर १५० एएचची बॅटरी आठवडाही टिकत नाही. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सर हॉस्पिटलात असतानाच, ती संपली. इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडला असणार, ऐकायला त्या वेळी घरात कुणी नव्हतं. त्यानंतर छोट्या गोष्टींचा खर्च आणि उजेडाची तुटपुंजी आवक जवळपास सारखी. बॅटरी वरही आली नाही आणि आणखी खालीही गेली नाही. सत्तर दिवस तळाशी पडून राहिली.

मे महिन्यातही इन्व्हर्टर चालूच राहिला होता, हे सरांना आठवलं. पण तेव्हा पॅनल दिवसाला पस्तीस-चाळीस एएच देत होता, त्यात बावीस-पंचवीसचा खर्च झाकला गेला. उन्हाने एक चूक लपवली आणि हिवाळ्याने ती उघडी केली.

इंजिनाच्या बॅटरीचं गणित याहून छोटं. गाडीचा जीपीएस ट्रॅकर आणि म्युझिक सिस्टीमची मेमरी मिळून ४५ मिलिअँपिअर. दिसायला काहीच नाही. पण ७७ दिवसांत ते ८३ एएच होतात, आणि बॅटरी होती ७० ची.

सरांचं एक म्हणणं इथे नोंदवतो, कारण मला ते महत्त्वाचं वाटतं. त्यांनी हिवाळ्यात गाडी कशी ठेवावी याचे परदेशी व्हिडिओ मन लावून पाहिले होते. तिकडे गाडी आडोशाला, भिंतीलगत लावा म्हणतात, थंड वारा जाऊ नये म्हणून भोकं बुजवा म्हणतात, नळांमध्ये न गोठणारं द्रव भरतात. ते सगळं तिकडे बरोबरच आहे. तिकडे पाइप गोठून फुटतात. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, ते उणे सात-आठ अंशांना गोठून डबा तडकवू शकतं. भरलेली बॅटरी मात्र उणे पन्नासलाही गोठत नाही, म्हणून तिकडे ती भरून ठेवण्यावर एवढा जोर. सोलापुरात थंडीच्या रात्री पंधरा अंशांच्या आसपास आणि दुपारी तीस. आपल्या गाडीला थंडीचं भय नाही. तिकडे पॅनलवर बर्फ बसतो, इकडे आडोसा शोधायला गेलो आणि पॅनलवर सावली बसली.

भोकं बुजवण्याचा सल्ला मात्र धोक्याचा ठरला असता. पलंगाखालच्या कप्प्याला बाहेर जाणारं हवेचं भोक होतं, त्यात सरांनी चिंध्या कोंबल्या होत्या. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरे. आणि हा कप्पा माणसं झोपतात त्या पलंगाखाली आहे. चिंध्या मी पहिल्या दिवशीच काढल्या आणि भोकाला उंदीर जाणार नाही अशी बारीक जाळी मारली. ज्वारी काढणीच्या दिवसांत उंदरांचा उपद्रव वाढतोच.

बॅटरी वाचवायची की टाकायची

रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो, आठवडे गेले की त्याचे कडक खडे होतात. सत्तर दिवस म्हणजे पुष्कळच. तरी बॅटरी तीन वर्षांचीच होती आणि प्लेटा ॲसिडमध्ये बुडालेल्या होत्या, म्हणून मी प्रयत्न करायचं ठरवलं. हे काम गाडीत करायचं नाही. बॅटरी बाहेर काढून, मोकळ्या हवेत, सगळी उपकरणं सोडवून, कारण पुढे जो व्होल्टेज द्यावा लागतो त्याने कंट्रोलर आणि दिवे जळतात.

पहिल्या दिवशी साडेसात अँपिअरवर लावली तर काही मिनिटांतच व्होल्ट साडेचौदाच्या वर गेले आणि करंट दोनवर आला. सल्फेट धरलेली बॅटरी अशीच वागते, भरल्याचं सोंग आणते. तशीच रात्रभर ठेवली. सकाळी करंट हळूहळू वाढून पाचवर गेला, तेव्हा मला आशा वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ग्रॅव्हिटी १.१९० झाली. मग पाणी खुणेपर्यंत केलं, डिस्टिल्ड वॉटरच. सर घरच्या आरओचं पाणी देत होते. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात आणि ते बॅटरीत साठत जातात. तिसऱ्या दिवशी झाकणं सैल करून, पाच अँपिअरवर, १५.८ व्होल्टपर्यंत नेलं. ॲसिड खदखदून ढवळलं जातं, त्याने तळाला बसलेला थर मिसळतो आणि मागे राहिलेले सेल वर येतात. दर तासाला ग्रॅव्हिटी, दर तासाला हात लावून गरमपणा. तीन नोंदी लागोपाठ सारख्या आल्या तेव्हा थांबवली. पाच सेल १.२३५, पाचवा सेल १.२१५.

ग्रॅव्हिटीवर विसंबलो नाही. साडेसात अँपिअरचा लोड लावून १०.५ व्होल्टपर्यंत उतरवली. नव्या बॅटरीने वीस तास काढायला हवेत, हिने तेरा काढले. म्हणजे सत्त्याण्णव एएच, पासष्ट टक्के. सरांना फ्रीज, दिवे आणि पंखा चालवायला एका रात्रीसाठी हे पुरतं. मी नवी विकली नाही. एक वर्ष ही वापरा, पाचव्या सेलवर लक्ष ठेवा, असं सांगितलं. इंजिनाची सीलबंद बॅटरी चार्ज होऊन एका रात्रीत १०.५ वर आली, तिचा एक सेल गेला होता. ती बदलावीच लागली.

वायरिंगमध्ये एकच मोठा बदल केला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, फ्यूजनंतर, दाराजवळ हाताला येईल असा मोठा कट-ऑफ स्विच. इन्व्हर्टर, दिवे, सॉकेट सगळं त्याच्या पुढे. कंट्रोलर मात्र त्याच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर, थेट बॅटरीला. स्विच बंद केला तरी पॅनल बॅटरीला भरत राहतो. मूळ मांडणीत असा स्विच नव्हता, आणि माझ्या मते ज्या गाडीत असा स्विच नाही तिला कॅम्पर म्हणू नये. गॅस डिटेक्टरही त्याने बंद होतो, म्हणून गाडी ठेवताना सिलिंडर आधी बाहेर काढायचा, मगच स्विच. इंजिनाच्या बॅटरीला निगेटिव्हवर फिरकीचा स्विच लावला. ट्रॅकर त्या काळात बंद राहतो, सरांनी ते मान्य केलं.

सावलीचं काय? गाडी अंगणाच्या मोकळ्या बाजूला लावणं सगळ्यात सोपं, पण तिथे पाण्याच्या टाक्या आहेत. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या टाक्या हलवता येणार नव्हत्या. म्हणून गच्चीच्या दक्षिण कठड्याजवळ ४० वॅटचा एक छोटा पॅनल, हिवाळ्याच्या हिशोबाने ३२ अंश कलता, आणि तिथून वायर खाली. हा पॅनल गाडी उभी असतानाच जोडायचा, त्याचा स्वतःचा छोटा कंट्रोलर आहे. भर दुपारी दोन अँपिअर देतो. सगळं बंद असताना बॅटरीला यापेक्षा जास्त लागतच नाही.

सरांनी विचारलं, दर आठवड्याला दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवली तर? आमच्याकडे सगळेच असं सांगतात. मला ते पटत नाही. उभ्या गाडीत दहा मिनिटांत बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. चालवायचीच तर महिन्यातून एकदा अक्कलकोटला जाऊन दर्शन घेऊन या, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर होतील, त्याने इंजिन, टायर आणि ब्रेक सगळ्यांचंच भलं होतं.

उन्हाळ्याबद्दलही त्यांना बजावून ठेवलं. कंट्रोलरला तापमानाचा अंदाज घेणारा सेन्सर नाही. सत्तावीस अंशांना १३.६ व्होल्टवर धरलेली बॅटरी ठीक असते, पण एप्रिल-मेमध्ये कप्पा बेचाळीसला गेला की तेच १३.६ तिला जास्त होतात आणि पाणी उडत राहतं. तेव्हा १३.२ च्या आसपास आणावे लागतात आणि पंधरा दिवसांनी पाणी बघावं लागतं.

या वर्षी गाडी पुन्हा डिसेंबरात त्याच बोळात उभी राहिली. सरांनी दाराला आतून एक वही टांगली आहे. दर रविवारी दुपारी एक नोंद, व्होल्ट आणि अंगणातल्या मीटरभर काठीची सावली, दोन्ही. २१ डिसेंबरच्या रविवारी त्यांनी मला नोंद वाचून दाखवली : सावली ८७ सेंटिमीटर, बॅटरी स्विच बंद, १२.५ व्होल्ट. पाचवा सेल १.२१० आहे. तो आणखी उतरला की बॅटरी बदलायची, हे आमचं ठरलेलं आहे.